ओढीचा नकाशा

कासारपेठ एके काळी बांगडीवाल्यांचं गाव. नदीच्या एका वळणात मावेल एवढंच. मग बॅटरीचे कारखाने आले, कारखान्यांमागून वसाहती आल्या, वसाहतींमागून उड्डाणपूल आले, आणि बघता बघता गावाचं शहर झालं. बस मात्र जुनीच राहिली. गाड्या नव्या होत्या, विजेवर चालायच्या, आवाज न करता दारं उघडायच्या. पण वाटा त्याच. सगळ्या वाटा स्टेशनला जायच्या आणि तिथून पुन्हा फुटायच्या. शेजारच्या वसाहतीत जायचं तरी आधी स्टेशन. लोक म्हणायचे, आमच्या शहरातून काशीला जाणं सोपं, आत्याकडे जाणं अवघड.

शेवटी महापालिकेनं पुढच्या दहा वर्षांची बससेवेची उद्दिष्टं ठरवायला घेतली आणि ते काम केतकी रासनेच्या गळ्यात पडलं. केतकी वाहतूक नियोजनाची प्रमुख. हुशार, कामाला वाघ, आणि देवाचं करण्यात नेमाची. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे. नवरा निखिल वाळवंटातल्या सौरप्रकल्पावर, तीन-तीन महिने तिकडेच. घरी ती आणि सासूबाई शैलजाताई, नव्या वसाहतीतल्या एका उंच इमारतीत.

उद्दिष्टं ठरवायची तर लोकांना काय हवं ते कळायला हवं, आणि अडचण तिथेच होती. आजवर मोजले जायचे ते झालेले प्रवास. तिकिटं मोजा, गर्दी मोजा, जिथे गर्दी तिथे आणखी गाडी. पण जो माणूस गाडीच नाही म्हणून घरी बसला, त्याला कोण मोजणार? तो तर कुठल्याच तिकिटात नाही.

याचं उत्तर डॉक्टर फरीदा मुजावर यांनी काढलं होतं. बाई शरीरशास्त्राच्या. मनगटावर आरोग्याचं कडं तोवर घरोघरी आलंच होतं. नाडी, श्वास, झोप, सगळं सांगणारं. फरीदाबाईंच्या लक्षात आलं की माणूस उठायच्या आधी त्याचं शरीर उठतं. बाहेर जायचं मनात आलं की नाडी किंचित पुढे धावते, पोटऱ्या ताणल्या जातात, तोल पावलांकडे सरकतो. स्वयंपाकघरात जायला उठताना असं होत नाही. उंबरठा ओलांडायची तयारी वेगळीच असते. आणि जाणं राहून गेलं, तर ती तयारी एकदम मावळत नाही. उतू आलेलं दूध गॅसवरून उतरवलं तरी सायीखाली थोडा वेळ थरथरतं, तसं शरीरही मिनिटभर थरथरतं. त्या थरथरीला फरीदाबाईंनी ओढ असं नाव दिलं.

एकाच्या ओढीवरून काही कळत नाही. पण माणूस दारापर्यंत येतो, रस्त्याकडे बघतो, कुठल्याशा बाजूला झुकतो आणि परत फिरतो. अशा हजारो झुकण्यांची बेरीज केली की गव्हाच्या शेतावरून वारा कुठून कुठे चाललाय ते जसं दिसतं, तसं शहराला कुठे जायचंय ते दिसू लागतं. कोणाची ओढ कोणती, हे फक्त कडं घालणाऱ्यालाच पाहता येई. महापालिकेला मिळायची ती अख्ख्या गल्लीची किंवा इमारतीची, बिननावाची. हा नियम फरीदाबाईंनी ठाम राहून घालून घेतला होता, आणि लोकांनी कड्यांच्या नोंदी द्यायला होकार दिला तो त्यामुळेच.

केतकीनं मोजणीला महिनाभराचा काळ निवडला. पाऊस नको, परीक्षा नकोत, लग्नसराई नको. दिनदर्शिका समोर धरून तिनं स्वतः तारखा ठरवल्या.

नकाशा तयार झाला तेव्हा उपायुक्त निंबाळेसाहेबांच्या दालनात सगळे जमले. सर्वांची अपेक्षा एकच. औद्योगिक वसाहतीकडे लाल रेघ उमटणार, आणि तिकडची वेगवान गाडी हे पहिलं उद्दिष्ट ठरणार. साहेबांनी कारखानदारांना तसा शब्दही दिला होता. रेघ उमटली, नाही असं नाही. पण तिच्यापेक्षा दाट लाली भलतीकडेच होती. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, वसाहतीवसाहतींमध्ये. नव्या वसाहतीतून जुन्या पेठेत, पेठेतून नदीपलीकडे, नदीपलीकडून गणेशटेकडीला. स्टेशनकडे कोणाला जायचंच नव्हतं. कोणी रांगोळीचे ठिपके जोडत जावं तशी ती ओढ घराघरांत फिरत होती.

अभियंते गोंधळले. कोणी म्हणालं यंत्र बिघडलं, कोणी म्हणालं कडी नकली आहेत. केतकीनं तारखांकडे पाहिलं. मोजणी सुरू झाली संक्रांतीला. संपली रथसप्तमीला.

हळदीकुंकवाचा महिना. सगळं शहर त्या महिन्यात संध्याकाळी एकमेकांच्या घरी जातं, वाण घेतं, तिळगूळ घेतं. ती स्वतः कितीतरी घरी जाऊन आली होती. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, गाळणी यांनी तिचं स्वयंपाकघर भरलं होतं. साहेबांच्या पत्नीनंही बोलावलं होतं. पण मोजणीच्या वेळी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. घरात लावलेल्या उदबत्तीचा वास घरच्यांना येत नाही, तसं झालं.

तिनं ते सांगितलं तेव्हा दालनात हशा पिकला. निंबाळेसाहेब तसे भले माणूस, पण टोला मारायची संधी सोडत नसत.

"म्हणजे रासने मॅडम, महापालिकेनं महिनाभर हळदीकुंकू मोजलं. आता वाण म्हणून एकेक बस वाटायची का?"

केतकीही हसली; करणार काय? साहेब म्हणाले, संध्याकाळची ती लाली पुसून टाका, कारखान्यांची रेघ ठेवा, पुढच्या बैठकीत मंजूर करू. ती हो म्हणून आली.

नकाशा पुसण्याआधी रीत म्हणून तिनं फरीदाबाईंना फोन केला. चूक कबूल केली. फरीदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "केतकी, माझं यंत्र जाणाऱ्यांना मोजत नाही. ज्या हळदीकुंकवाला गेल्या त्या या नकाशात नाहीतच. यात आहेत त्या न गेलेल्या."

फोन ठेवल्यावर केतकी बराच वेळ त्या लाल ठिपक्यांकडे बघत राहिली. एक दाट ठिपका तिच्याच इमारतीवर होता. कोण असेल बाई, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ओळखीपाळखीची घरं आठवून पाहिली. स्वतःचं घर तिच्या मोजणीत आलं नाही.

ते दोन दिवसांनी आलं. शैलजाताई देवघरात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी कड्याचा हात पुढे केला आणि म्हणाल्या, जरा बघ गं, यात हे लाल लाल काय उमटतंय, चष्म्यातूनही वाचता येत नाही. केतकीनं पाहिलं. संक्रांतीपासूनच्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी एकेक खूण होती. जाणं राहून गेल्याची. प्रत्येक वेळी झुकणं एकाच दिशेला, जुन्या पेठेकडे.

त्या महिन्यात केतकी रोज संध्याकाळी साडी नेसून निघायची तेव्हा सासूबाई हौसेनं तिच्या निऱ्या सारख्या करायच्या. "ये जाऊन, मला कुठे जायचंय," असं म्हणायच्या. आणि ती गेल्यावर रोज चपला घालून दारापर्यंत यायच्या.

"आई, मंगलाकाकूंकडे ना?" केतकीनं विचारलं.

शैलजाताईंनी वात पूर्ण केली, मग बोलल्या. मंगला गुळवे ही त्यांची पेठेतली शेजारीण. एका भिंतीला दोन घरं, चाळीस वर्षं. केतकीचे सासरे असताना पेठेतच राहायचे सगळे. मग ते गेले, घर रस्तारुंदीत गेलं, इकडे यावं लागलं. आता तिच्याकडे जायचं तर स्टेशनला गाडी बदला, संध्याकाळी परतीची मिळेल न मिळेल. आणि खरं सांगायचं तर नुसती गाडीचीच अडचण नव्हती. सासरे गेल्यानंतरच्या संक्रांतीला एका ओळखीच्या घरी त्या गेल्या होत्या. कुंकवाचा करंडा एकेकीपुढे येत होता, तो त्यांच्यापाशी येऊन अलगद पुढच्या बाईकडे गेला. त्या घरची बाई वाईट नव्हती. हात सवयीनं पुढे गेला इतकंच. पण तेव्हापासून त्यांनी जाणं सोडलं. मंगला दर वर्षी बोलावते, त्या दर वर्षी गुडघ्याचं नाव सांगतात.

दुसऱ्या दिवशी केतकीनं साहेबांना सांगितलं की लाली पुसणार नाही. आठवडाभर एक गाडी सोडून बघू. संध्याकाळी, वसाहतीवसाहतींतून गोल फिरणारी, स्टेशनला न जाणारी.

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण माणूस न्यायाचा. त्यांनी अट घातली: सणवार नसलेला आठवडा. फाल्गुन लागल्यावर, होळीच्या आधी. गाडी भरली तर हेच पहिलं उद्दिष्ट. नाही भरली तर 'यथावकाश विचार'. त्या कचेरीत यथावकाश विचारात गेलेली गोष्ट पुनर्जन्म घेऊनच बाहेर यायची.

सोमवारी गाडी सुटली. छान सजवलेली, हिरवी. मंगळवारीही सुटली. दोन्ही दिवस चालकानं रिकामी फिरवून आणली. तो केतकीला म्हणाला, मॅडम, गाडी तब्येतीसाठी फिरायला जाते वाटतं.

केतकी घरी आली ती पडल्या चेहऱ्यानं. इमारतीच्या फाटकासमोर थांबा होता. गाडी दारात, पेठ वीस मिनिटांवर, परतीची खात्री. तरी सासूबाईसुद्धा घरीच. तिनं जरा चिडूनच विचारलं, की आता काय अडलंय?

शैलजाताईंना तिच्या चिडण्याचं आश्चर्य वाटलं. "अगं, काम नसताना कसं जायचं कोणाकडे? बोलावणं नाही, बारसं नाही, कोणी आजारी नाही. दार उघडून तिनं विचारलं, काय काम काढलंस, तर काय सांगू? तुझी बस बघायला आले म्हणू?"

केतकी खुर्चीत बसली. तिनं मार्ग आखला होता, वेळ आखली होती, पायरी बुटकी करून घेतली होती. निमित्त आखायचं राहिलं होतं. संक्रांतीला निमित्त असतं पण गाडी नसते. आज गाडी होती पण निमित्त नव्हतं. तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. यंत्र, नकाशा, साहेबांची अट, शनिवारची मुदत. हरणार असं दिसतंय, हेही सांगितलं.  शैलजाताईंनी फक्त विचारलं, "उद्या तिथी कोणती?"

सकाळी केतकी दिवा लावायला गेली तर सासूबाई आधीच पाटावर. उजव्या तळहातावर पळीभर पाणी, आणि शांत आवाजात संकल्प चाललेला. आनंदनाम संवत्सर, उत्तरायण, शिशिर ऋतू, फाल्गुन मास, शुक्ल पक्ष; नदीच्या अमुक तीरावर, कासारपेठ क्षेत्री. देश आणि काळ सांगून झाला. मग मराठीत: "रोज दिवेलागणीला एका घरी जाईन. पाणी मागून पिईन. काही देणार नाही, काही घेणार नाही. होळीपर्यंत." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

केतकीनं विचारलं, हे व्रत कोणत्या पोथीत आहे?

"पोथीत कशाला हवं? आत्ता देवाला सांगितलं ना मी," शैलजाताई म्हणाल्या. "व्रत असलं की कोणी काम विचारत नाही बघ."

बुधवारी संध्याकाळी त्या निघाल्या. केतकीही सोबत गेली. हिरव्या गाडीत त्या दोघीच. शैलजाताई खिडकीशी बसल्या, चपलांची टोकं जुळवून, परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या. पेठेतल्या थांब्यावर उतरून गल्लीत वळल्या तेव्हा त्यांची चाल अशी काही वाढली की केतकीला मागे राहावं लागलं.

मंगलाकाकूंनी दार उघडलं. पीठ लागलेले हात तसेच. 

"पाणी दे गं," शैलजाताई म्हणाल्या. "व्रत आहे."

"पाणी प्यायला एवढ्या लांब आलीस? तुमच्या उंच इमारतीत नळाला येत नाही वाटतं," मंगलाकाकू म्हणाल्या. मग रागावल्यासारखं करत त्यांनी मैत्रिणीला आत ओढलं.

पाणी आलं. पाण्याबरोबर करंडाही आला. शैलजाताईंचं कपाळ नकळत मागे झालं. व्रतात काही घ्यायचं नाही, असं त्या पुटपुटल्या. मंगलाकाकूंनी ऐकून घेतलं नाही.

"माझ्या घरात माझा हात कुठे जायचा ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या, आणि हळद आणि कुंकू लावून मोकळ्या झाल्या. मग दोघी अशा बोलायला लागल्या की केतकीला आपण तिथे आहोत याचा त्यांना विसर पडल्याचं स्पष्ट दिसलं. ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. परतीची गाडी आली, गेली. त्यानंतरच्या गाडीनं त्या निघाल्या, आणि निघताना मंगलाकाकूंनी अंगठ्यानं डोळे पुसत जाहीर केलं की हे व्रत आपणही धरलं, उद्या पाणी तुमच्याकडे.

व्रतं कशी पसरतात ते बायकांना सांगायला नको. एकीनं धरलं की दुसरीला रुखरुख लागते. गुरुवारी मंगलाकाकू आल्या त्या गल्लीतल्या चौघींना घेऊन. त्या चौघींनी आपापल्या बहिणी, विहिणी, जुन्या शाळेतल्या मैत्रिणी शोधल्या. शुक्रवारी गणेशटेकडीच्या थांब्यावर रांग लागली. वाटेत कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: पाण्याचं व्रत आहे. पुरुषही धरू लागले. निवृत्त मास्तर, दुकान मुलाच्या हाती देऊन रिकामे झालेले शेटजी, नदीपलीकडचे दोन जुने बुद्धिबळवाले, ज्यांचा डाव घरं बदलल्यापासून अर्धाच राहिला होता. फरीदाबाईंच्या खाला, म्हणजे मावशी, नमाज उरकून निघाल्या आणि म्हणाल्या, तुमचं व्रत असेल, आमचा नेम समजा, पाणी तर एकच. चालक गाणं लावून गाडी चालवू लागला. शनिवारी दुसरी गाडी मागवावी लागली आणि तीही भरली.

आणि फरीदाबाईंनी नकाशा उघडला तेव्हा संध्याकाळची लाली उतरली होती. राहून गेलेलं जाणं जाऊन आलं होतं.

बैठक होळीनंतर होती, तोवर गाडी चालूच ठेवली होती; पण बैठकीत निंबाळेसाहेबांनी मुद्दा सोडला नाही. म्हणाले, गाडी भरली हे खरं, पण ती मॅडमच्या सासूबाईंनी भरली. याला मोजणी म्हणत नाहीत, याला प्रचार म्हणतात.

केतकी उठली. तिच्यापुढे भाषण तयार होतं, ते तिनं उघडलं नाही.

"साहेब, घरी कुठलंही कार्य असलं की आपण आधी संकल्प करतो. त्यात काय हवं ते शेवटी येतं. आधी येतं कुठे आहोत आणि केव्हा. आम्ही उद्दिष्ट ठरवायला निघालो आणि काळच सांगायला विसरलो. ती चूक माझी. पण नकाशा खोटा नव्हता. तो त्या काळाचा होता. ओढ तेव्हाही होती, या आठवड्यातही होती. आईंनी तिला फक्त घराबाहेर पडायला कारण दिलं. ज्यांना ओढच नाही ते कोणाच्याही सांगण्यानं बसमध्ये बसत नाहीत."

मग तिनं उद्दिष्ट वाचलं. कासारपेठ शहरातल्या कोणाही माणसाला, कुठल्याही ऋतूत, दिवेलागणीला आपल्या माणसाकडे एका गाडीनं जाता यावं आणि निवांत बोलून परत येता यावं. कारखान्यांची गाडी दुसरं उद्दिष्ट. तिची मोजणी दिवाळीनंतर, कामाच्या पाळ्या सुरळीत झाल्यावर. आणि यापुढे प्रत्येक मोजणीवर तारीख असेल तशीच तिथीही असेल, म्हणजे आपण काय मोजतोय ते आपल्याला कळेल.

साहेबांनी पेन उघडलं. मग म्हणाले की एक गोष्ट नोंदीत घेऊ नका. त्यांची आई तीन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. संधिवात, असं सगळे समजत होते. त्या शुक्रवारी ती पाणी प्यायला म्हणून नदीपलीकडे गेली आणि येताना हसत आली. काल ती त्यांना म्हणाली, एवढी चांगली गाडी कोणी सुरू केली रे, त्याचं भलं होवो. "आता तिला काय सांगू, की तिचा मुलगाच बंद करायला निघालाय?" साहेब म्हणाले, आणि सही केली. दालनात टाळ्या पडल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून पडल्या नाहीत.

केतकी आनंदाची बातमी घेऊन घरी आली. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली तिच्याकडे नव्हती. घरी कोणी नाही अशी वेळ इतक्या वर्षांत आलीच नव्हती. होळी होऊन गेली होती, व्रताची मुदत संपली होती, आणि तरी सासूबाई घरी नव्हत्या. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिला इतकं हसू आलं की शेजारच्यांनी दार किलकिलं करून पाहिलं.

तिनं फोन लावला. पलीकडे भांड्यांचा, हसण्याचा, कोणीतरी कोणालातरी खोटं रागावण्याचा आवाज. शैलजाताई मोठ्यानं बोलत होत्या. मी निंबाळ्यांच्या आईकडे आहे, मंगलाही आहे, साहेबांच्या बायकोनं थालीपीठं लावलीत. केतकीनं मंजुरीचं सांगितलं. पलीकडे ते सगळ्यांना ओरडून सांगितलं गेलं, आणि मग सासूबाईंना कुलपाची आठवण झाली.

"अगं, किल्ली माझ्याकडेच राहिली. पण तेवढ्यासाठी येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "उगाच ये."

फाटकासमोर हिरवी गाडी येऊन थांबली होती. आत गर्दी होती. केतकी पर्स सावरत धावली, आणि कोणीतरी दारातून हात पुढे केला.